खुत्तीफाची फुसकी पिशवी

"आम्हाला दुरुस्त करता येणार नाही, अशी बोट जगात अजून बांधली गेलेली नाही!" खुत्तीफाच्या डेकवर उभं राहून, कमरेवर हात ठेवून शीराझने अख्ख्या केलिबिया बंदराला सुनावलं.

"फुस्स!" खालून उत्तर आलं.

ते बंदराने दिलं नव्हतं. बोटीच्या कुशीला चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीने दिलं होतं. शीराझच्या धाकट्या भावाने, गाझीने, पंपाच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्याकडे निघाला होता; अगदी सावकाश, त्यालाही सुट्टी लागल्यासारखा.

"ताई, भाषण पुरे! पुन्हा गळती! सकाळी ठणठणीत, आणि जेवून आलो की फुस्स!"

खुत्तीफा ही त्यांच्या आईची मासेमारीची बोट. फायबरची. बाहेरून रंग तुकतुकीत; पण कुशीतले थर आतल्या आत सुटलेले. ते आधी कळलं बदीसला. बदीस शीराझच्या वर्गातला. दरबुका नावाचा ढोल वाजवायचा, आणि दरबुका नसेल तर दिसेल ते वाजवायचा. बोट वाजवली, तर सगळीकडे "टण्" आणि कुशीत "ढब्ब"!

त्याला शाबासकी मिळाली नाही. गोदीचे मालक मुन्सिफकाका म्हणाले, "मेली ही बोट. सोमवारी करवत लावतो. मला जागा मोकळी हवीय."

आईने जाळी गुंडाळली आणि सार्डिनचे डबे भरायच्या कारखान्यात काम मिळेल का, विचारून आली. तिचं ते जाळी गुंडाळणंच शीराझला सहन झालं नाही.

"करवत लावायची असेल तर आधी मला बोटीवरून उतरवा!" ती म्हणाली होती.

उपाय मुलांनी नौकानयनाच्या क्लबात पाहिला होता. सुटलेले थर घासून काढायचे, ओल पार सुकवायची, सुकून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये भिजवलेलं नवं कापड बसवायचं, वर पिशवी चिकटवायची आणि आतली हवा खेचून घ्यायची. मग बाहेरची हवाच पिशवीला असं दाबून धरते, की थर एकजीव होतात. पंप बदीसच्या भावाने मोडक्या फ्रिजमधून काढून दिला होता. रेझिनचा डबा मात्र एकच होता. एकदा चुकलं की संपलं! म्हणून आधी रेझिनशिवाय कोरडी चाचणी चालली होती, आणि दुपार झाली की पिशवी दगा देत होती.

गाझीने पिशवीला कान लावला. सरकत सरकत तो खालच्या कोपऱ्यापाशी थांबला.

"सापडलं! भोक आहे. मुंगीएवढं. आणि कडेने तपकिरी!"

"तपकिरी?" बदीस वाकला. "म्हणजे जळलंय. कुणी जाळलं?"

"ते दुपारी कळेल," शीराझ म्हणाली. "आज कुणीही झोपायचं नाही!"

जेवणं झाली. बंदर पेंगलं. मुलं जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे पालथी पडली. थोड्याच वेळात मुन्सिफकाका दोन मित्रांना घेऊन आले आणि खुत्तीफाच्या सावलीत, पिशवीला अगदी खेटून बसले. पत्ते वाटले गेले. चहासाठी शेगडी पेटली. काकांनी गाल फुगवून फुंकर मारली. कोळसा तडतडला, ठिणगी उडाली आणि थेट पिशवीवर बसली.

फुस्स!

"काय पोरं आहेत!" काका पत्ता टाकत म्हणाले. "एक पिशवी धड चिकटवता येत नाही!"

शीराझ उसळून उठली. "काका, तुमच्या शेगडीने भोकं पडताहेत! ती हलवा!"

"या सावलीत मी चहा पितो, पोरी, तो तुझ्या जन्माआधीपासून. तू हल!"

"मी हलणार नाही!"

"मीही नाही! आणि आता डाव मोडू नकोस, माझ्याकडे चौकटची सत्ती आहे."

मित्रांनी ती माहिती मनात टिपून घेतली.

"चहा पिणाऱ्या माणसांना उठवणं आपल्या हातात नाही," परतताना बदीस पुटपुटला.

शीराझ थबकली. "पण सावली आपल्या हातात आहे!"

रविवारी सकाळी मुलांनी कापड रेझिनमध्ये भिजवलं, कुशीवर बसवलं, भोकं बुजवून पिशवी चिकटवली आणि पंप सुरू केला. मग एक जुनं शीड आणून गोदीच्या दुसऱ्या टोकाला, दोन खांबांमध्ये ताणून बांधलं. तिथे वारा होता. गाझीने जमिनीवर पाणी शिंपडलं, चटई अंथरली.

दुपारी शेगडी आली. काकांनी आणि त्यांच्या मित्रांनी खुत्तीफाच्या सावलीकडे पाहिलं, मग शिडाच्या सावलीकडे. ती मोठी होती, गार होती.

"पोरांचं ऐकून मी हलणार नाही, हे सांगून ठेवतो," काका म्हणाले. "मी आपणहून हलतोय!"

"आपणहूनच काका, आपणहूनच!" गाझी म्हणाला आणि त्याने शेगडी उचलायला मदतसुद्धा केली.

संध्याकाळपर्यंत काटा जागचा हलला नाही. रेझिन दगडासारखं घट्ट झालं.

सोमवारी काका करवत घेऊन आले. शीराझ खुत्तीफासमोर हात पसरून उभी होती. मागे आई होती, कारखान्यात जायच्या कपड्यांत.

"बाजूला हो."

"आधी वाजवून बघा! एक जरी 'ढब्ब' निघाला, तर मी स्वतः करवत धरीन!"

काकांनी खिशातून नाणं काढलं. टण्. पुढे. टण्. गुडघ्यांवर बसले. टण्. शेवटी थेट बोटीच्या पोटाखाली शिरले. बदीस डोळे मिटून ऐकत होता. टण्! टण्! टण्!

करवत जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. आईने डोक्यावरची कारखान्याची टोपी काढली, खिशात कोंबली आणि जाळी उलगडायला घेतली.

"ऐका!" बोटीखालून काकांचा आवाज घुमला. जमलेले कोळी वाकून पाहू लागले. "या गोदीत मी अनेक कारागीर पाहिले. पण मालकाला तोंडावर 'हलणार नाही' म्हणणारे, आणि ते खरं करून दाखवणारे, हे तिघंच! खुत्तीफा उद्या पाण्यात उतरेल. आणि या मुलांपुढे मुन्सिफ आज मान झुकवतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोळ्यांनी गाझीला खांद्यावर घेतलं. टाळ्या ओसरल्यावर बोटीखालून पुन्हा आवाज आला, या वेळी बराच हळू.

"बदीस, बाळा, जरा हात देतोस का? गुडघा धरलाय."