तिसऱ्या मजल्याचं भिंग

१९४७चा फेब्रुवारी होता. संपादकानं मला एका चित्रीकरणाची बातमी आणायला पाठवलं. चार वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीतून लेव्हिसोन कुटुंबाला, ज्यू म्हणून, पोलिसांनी नेलं होतं. चित्रपट त्यावरच होता. बर्लिनचे स्टुडिओ पडलेले, म्हणून चित्रीकरणही त्याच जिन्यात. त्या घरातली एकटी मुलगी, रूट, परत आली होती. आपल्या आईची भूमिका तीच करत होती.

मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहायचो. त्यांना नेलं त्या सकाळी कचेरीत होतो. हे मी सगळ्यांना सांगितलंय.

गरम सूप मिळणार म्हणून भाडेकरूच कामाला आले होते. दिग्दर्शक वेण्ट म्हणाला, "पोलीस रूटला खाली नेतील. तुम्ही दारं उघडायची. कुणीतरी पाव पुढे करा."

"पाव खरा आहे ना?" पहिल्या मजल्यावरच्या ओटीलीबाईंनी विचारलं. "मग मी दोनदा उघडते."

लोक हसले. मी भडकलो. "तेव्हा एक तरी दार उघडलं होतं का?"

"वार्ताहर महाशय, तिकीट काढून शिव्या कोण खाईल?" वेण्ट म्हणाला.

रूट हळूच मला म्हणाली, "काका, झालं तसंच दाखवायला सांगा ना. मी तेवढ्यासाठीच आलेय."

वेण्टनं ऐकलं नाही. दारं उघडली, पाव पुढे आला. मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली तेव्हा आम्ही सगळे रीळ पाहायला बसलो. ओल्या कोटांचा वास, यंत्राची खरखर. पडद्यावर रूट जिना उतरत होती. सगळी दारं बंद.

"मी उघडलं होतं हो..." ओटीलीबाई पुटपुटल्या. "की हात सवयीनं..."

मग माझं दार आलं. बॉम्बनं त्यामागचं घर गेलंय. खिळे ठोकलेल्या दारामागे नुसतं आभाळ. त्यामुळे दारातलं, बाहेर कोण आलंय ते बघायचं भिंग उजेडानं चमकत होतं. रूट समोर आली, आणि भिंग काळं झालं.

"आत... कोण आहे?" वेण्ट म्हणाला.

"तेव्हाही असंच झालं होतं," रूट म्हणाली. "आईनं तिथे बघून तुम्हाला हाक मारली होती, काका."



वेण्टनं ते रीळ जाळलं आणि जिना दुसरीकडे पुन्हा चित्रित केला. चित्रपटात सगळी दारं उघडतात. रूट शहर सोडून गेली.

रीळ पाहिलं त्याच संध्याकाळी मी जिना चढलो होतो. खिळे जागच्या जागी, गंजलेले. भिंगातून आभाळ दिसायला हवं होतं. काच धुरकट होती. बाहीनं पुसली, पण धुकं निघेना. ते आतल्या बाजूनं होतं... आणि कुणी श्वास सोडावा तसं थांबून थांबून वाढत होतं.