सोमाजीची लाकूड-मशीन

बसा निवांत, घाईनं सांगायची गोष्ट न्हाई ही.

गेणभाऊचं कोपर गेलं आन् पिंपरी पेंढारातली त्याची खव्याची भट्टी लंगडी झाली. कोपर तसं जागेवरच व्हतं, पर कुऱ्हाड उचलली की भर दुपारी डोळ्यापुढं चांदण्या चमकायच्या. डॉक्टरनं एक्सरे उजेडाला धरला आन् सांगितलं, कुऱ्हाड बंद. डॉक्टरचं काय जातंय सांगाया! खव्याला रोज जळण लागतं, आन् जळण काय स्वतःहून तुकडे व्हऊन चुलीपाशी येत न्हाई. भट्टीमागं बाभळीची अख्खी खोडं पडलेली. पावसाच्या आत ती कापून शेडात न्हाई गेली तर चार महिने भट्टी थंड, आन् गावातलं दूध जाणार दुसऱ्याच्या कढईत. परत ते येतंय व्हय?

"मशीन घ्या," बायको लंकाबाई म्हणली. "न्हाईतर मला कुऱ्हाड द्या. हात तुमचा मोडलाय, माझा न्हाई."

आता बायकोच्या हातात कुऱ्हाड द्यायची म्हंजी गावभर शोभा. गेणभाऊनं मोबाईल काढला. ग्रुपवर एक फोटू आलेला. लाकूड कापायची मशीन, जुनी, चालू कंडीशन. पत्ता घोडेगावच्या पार पुढं, डोंगराकडल्या एका वस्तीचा. इकणाऱ्याचं नाव जानकू.

जुनी मशीन घ्यायची तर संगं जाणकार पायजे. आळ्याचा अमृत गॅरेजवाला गेणभाऊचा शाळेपासूनचा दोस्त. शाळा दोघांची सातवीपर्यंतच, पर दोस्ती पुढं चालू राहिली. अमृतचा गुण असा, की समोरच्याची गाडी कितीबी चांगली असूंदे, तो आधी तोंड वाकडं करणार. भाव पाडायला लई कामाचा माणूस. सकाळी दोघं पिकअपमधनं निघाले. मंचरच्या ट्रॅफिकमधी अमृतनं दोन ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या, घोडेगावात भेळ खाल्ली, आन् अकराच्या सुमाराला वस्तीवर पोचले.

चौदा घरांची वस्ती. ऊन कडक, पर आवाज म्हणून कशाचा न्हाई. एक कोंबडीसुदिक वरडंना. जानकूच्या अंगणात हिरडा वाळत घातलेला, त्याचा तुरट वास नाकात बसत व्हता. पडवीत जानकूची आय, चिमाबाई, सुपात हिरडा निवडत बसलेली. जानकू तिशीतला पोरगा, खाली मान घालून बोलणारा.

"या पावणं," चिमाबाई म्हणली. "चा घ्या. मशीन कुठं पळून जात न्हाई."

चहा झाला. जानकूनं पोत्यात गुंडाळलेली मशीन आणली. फोटूपरीस चांगली निघाली. चेन धारदार, पट्टी सरळ, तेलपाणी केलेली. तरीबी अमृतनं आपलं ते ठरलेलं तोंड वाकडं केलं.

"लईच वापरलीया की रं."

"न्हाई भाऊ. फार न्हाई वापरली," जानकू म्हणला.

अमृतनं संगं आणलेलं पेट्रोल आन् ऑईल कालवलं, मापटंभर टाकीत टाकलं. निस्तं चालवून बघायपुरतं. मंग दोरी ओढली. एकदा. धा येळा. ईस येळा. मशीन एकदा शिंकलीसुदिक न्हाई. त्यानं प्लग काढला, पुसला, ठिणगी बघितली. ठिणगी निळीशार. फिल्टर साफ, पेट्रोल येतंय, चोक बराबर. पुन्ना ओढली. घामानं शर्ट पाठीला चिकाटला.

"हिच्या आयला, हिला झालंय तरी काय? समदं ठीक हाये!"

पडवीतनं चिमाबाई सुपातली नजर न काढता म्हणली, "आज न्हाई व्हायची चालू. आज समदी बरी हायेत."

"कोण समदी, मावशी?" गेणभाऊनं इचारलं.

म्हातारी हिरडा निवडत राहिली. जानकूनं मान आणखी खाली घातली.

"सांगून टाकतो भाऊ. लपवून इकणं बरं न्हाई. ही माझ्या बाबांची, सोमाजीची मशीन. घेतली जळणासाठीच. पर पहिल्याच हप्त्यात वस्तीतलं एक माणूस वारलं. पाऊस धो धो, लाकूड वलं, कुऱ्हाड चालंना. तवा बाबांनी त्याचं सरण हिच्यावर कापलं."

"बरं मंग?"

"मंग काय... तवापासून जळणाला चालू व्हईना. कोण गेलं तरच व्हती. एका ओढीत."

अमृत असा हसला की कावळं उडालं. "आन् असली मशीन तू आमच्या गळ्यात बांधतोय व्हय रं?"

"वाटलं गाव बदललं तर खोड जाईल," जानकू गंभीरपणं म्हणला. "बैलाची जाती."

यावर गेणभाऊबी हसला. पर आतनं त्याचा जीव चुटपुटत व्हता. मशीन चांगली, भाव परवडणारा, आन् चालू व्हईना. रिकाम्या हातानं घरी जायचं म्हंजी लंकाबाई कुऱ्हाड घिऊन तयार. त्यानं मशीन उचलली. डाव्या हातानं, कोपर सांभाळत, म्हणला, "आगं बाये, माझ्या भट्टीला ये, तुला रोज खवा चारतो," आन् दोरी गंमतीत अर्धीच ओढली.

मशीन चालू झाली.

धूर न्हाई, धडपड न्हाई. एकदम गुळगुळीत आवाज, जशी कधी बंदच नव्हती. अमृत खूश. "अरं वा! तुझा हात लागला बघ! घिऊन टाक राव!"

चिमाबाईनं मातुर सूप खाली ठेवलं. चुलीवर भाताचं भगुनं व्हतं ते उतरवलं. चुलीतली लाकडं मागं ओढली, वर पाणी मारलं. चर्र आवाज झाला.

"जानकू, जा रं. घरं बघून ये. कोण हाये ते."

जानकू पायात चप्पल घालून गेला. अमृतनं बटण दाबलं. मशीन बंद व्हईना. पुन्ना दाबलं.

"वायर तुटली असंल," तो म्हणला, पर आता हसत नव्हता. त्यानं गेणभाऊच्या हातातली मशीन घिऊन अंगणात खाली ठेवली. ती तिथं हळूहळू गुरगुरत बसली.

पंधरा-ईस मिनटात जानकू आला. "तेरा घरं बघितली आय. समदी बरी हायेत. तात्या जेवतोय, बाळंतीण बरी हाये, प्वारबी बरं हाये."

चिमाबाईनं गेणभाऊ आन् अमृतकडं बघितलं. लई मायेनं बघितलं.

"मंग तुमच्याकडलं असंल, लेकरांनो... घरी फोन लावा."

गेणभाऊच्या घरी लंकाबाई, म्हातारी आय, आन् पोरगी अक्षदा स्कूटीवर आळेफाट्याला कॉलेजात. तो हायवे. ती ट्रकं. मोबाईल काढला तर रेंजच न्हाई.

"वर टेपाडावर येती रेंज," जानकू म्हणला.

दोघं चढले. म्हंजी पळालेच. खालनं मशीनचा आवाज येतच व्हता... हळू... सारखा. टेपाडावर दोन दांड्या आल्या. फोन लावला. रिंग गेली... गेली... गेली...

"काय वो? घेतली का मशीन?" लंकाबाईचा आवाज.

"आय कुठं हाये?"

"ही काय, मला नावं ठिवत बसलीया."

"आन् अक्षदा?"

"आली की मघाच. जेवतीया. तुमाला झालंय काय? ऊन लागलं का?"

गेणभाऊ तिथंच खाली बसला. अमृतनंबी घरी लावला. तिकडं समदी बरी, वर भाजी आणा म्हणून हुकूम. दोघांनी एकमेकाकडं बघितलं आन् येड्यावानी हसत सुटले.

"म्हातारीनं लईच गंडवलं राव!" अमृत डोळं पुसत म्हणला. "आता जा आन् भाव निम्मा कर. भुताची मशीन म्हणून."

गेणभाऊचं ठरलं. घ्यायची. खाली उतरताना त्यानं खिशातलं पाकीटबी चाचपलं.

अंगणात मशीन तशीच गुरगुरत व्हती. जानकू तिच्यापाशी उकिडवा बसून बटणाशी खटपट करत व्हता. चिमाबाई पडवीत भिंतीला टेकून, मांडीत सूप, मुठीत हिरडा.

"मावशी, आमच्याकडं समदी बरी हायेत," गेणभाऊ लांबूनच वरडला. "आता काय म्हणता?"

ती काय म्हणली न्हाई. मुठीतला हिरडा एक एक करून घरंगळला.

जानकूनं तेरा घरं बघितली व्हती. चौदावं त्याचं सोताचं.

मंग काय, वस्ती गोळा झाली. बायांनी रडणं काढलं. मागच्या बाजूला आंब्याचं वाळलेलं खोड पडलेलं, माणसं तिथं जमली. घरच्या माणसानं सरणाचं लाकूड कापायचं न्हाई, असा तिथला नेम. बाकीची कापतील म्हणावं तर कोण पुढं येईना. त्यातला तात्या म्हणला, "पावणं, तुमच्या हातानं चालू झालीया. तुमीच कापा. सोमाजीचं असंच व्हतं, ज्याच्या हातानं चालू, त्यानंच कापायचं. लाकूड पुरं झालं की ती आपसूक बंद पडती."

न्हाई कसं म्हणणार? म्हातारीच्या हातचा चहा पोटात व्हता. गेणभाऊनं मशीन उचलली. तात्यानं दोरीनं चिमाबाईचं माप आणलं, वर एक ईत धरून खोडावर कोळशानं खुणा केल्या. मशीन लाकडात अशी शिरायची, जशी सुरी खव्यात. माणसं लाकडं उचलून न्हेत व्हती. तासाभरानं तात्यानं हात वर केला.

"बास. पुरं झालं."

मशीन बंद व्हईना.

अमृतनं वाकून टाकीत बघितलं. मापटंभर पेट्रोल कवाच संपायला पायजे व्हतं. "गेण्या, ठिव खाली," तो हळूच म्हणला. "ठिव..."

"ठिवतोय... पर ती जातीया..."

खरंच जात व्हती. गेणभाऊ निस्ता धरून व्हता. खूण न्हाई, माप न्हाई, आन् मशीन आपली जागा आपणच धरत व्हती. एक लाकूड, दुसरं, तिसरं. समदी एकसारखी. दुसरा ढीग पहिल्याएवढा झाला, तवा ती आपसूक बंद पडली.

मंग तात्यानं खालचं एक लाकूड उचललं, बघितलं, जिथल्या तिथं ठिवलं.

संध्याकाळच्या आत समदं उरकलं. जानकूनं मशीन पिकअपपाशी आणली. "भाऊ, घिऊन जावा. पैसं नको."

गेणभाऊनं हात जोडले. फुकटची वस्तू नको म्हणायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच येळ. लंकाबाईला सांगितलं, चालूच व्हईना. तिनं काय जास्त इचारलं न्हाई, दुसऱ्या दिवशी पदर खोचला आन् कुऱ्हाड घेतली. गावभर शोभा झाली, झाली तर झाली.

पंधरा दिवसांनी गेणभाऊ आळ्याला अमृतच्या गॅरेजात बसलेला. जानकूचा फोन आला. आयचं समदं नीट झालं म्हणला, पावसाचं इचारलं, भट्टीचं इचारलं. मंग जरा थांबला.

"भाऊ, तो दुसरा ढीग हाये का, त्यावर मी कागद टाकलाय. भिजाया नको म्हणून."

"बरं केलं."

"ती लाकडं आयच्या लाकडांपरीस लांब हायेत. चांगली ईतभर. आमी वस्तीतल्या समद्यांना लावून बघितलं. तात्याला, मला, पोरांना. कोणालाच बसना. राग मानू नका... तुमची उंची किती?"

गेणभाऊनं सांगितली. तिकडं जानकूनं दोरी जमिनीवर पसरल्याचा आवाज आला... मंग पुटपुटत मोजल्याचा.

"न्हाई. तुमाला लांब पडतीया," जानकू म्हणला. त्याच्या आवाजात खरंच बरं वाटल्याचं कळत व्हतं. "आन् अमृतभाऊंची?"

गेणभाऊनं मान वळवली. समोर जॅकवर चढवलेल्या ट्रॅक्टरखाली अमृत उताणा झोपून नट पिळत व्हता. बाहेर निस्ते पाय दिसत व्हते.