टँकरवरची ऐसपैस अक्षरं

“मॅडम, डब्याचं झाकण देता का जरा? ‘प’चं पोट गोल काढायचंय.”

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, उमापूरच्या आमच्या दूध सोसायटीच्या अंगणात, टँकरला लावलेल्या शिडीवरून भारत पेंटर माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे. मी सत्यभामा, सोसायटीची नवीकोरी क्लार्क, राग कायम नाकावर. तरी झाकण दिलं... का दिलं, कोण जाणे.

दुष्काळात सोसायटीनं दोन टँकर लावले होते – एक माणसांच्या पाण्याचा, एक जनावरांच्या. पहिल्यावर त्यानं निळ्या रंगात ‘पिण्याचे पाणी’ काढलं. गोल म्हणजे गोल, सरळ म्हणजे सरळ, सगळीकडे सारखी जाडी, नक्षी कसली नाही. आणि अक्षरं इतकी रुंद, की दोन शब्दांत अख्खा टँकर भरला.

“असली रुंद कावून?”

“घागर घेऊन पळत येणाऱ्या बाईला लांबून दिसाय पायजेत.” मग हळूच, “जवळून बघायला तुमी हाईतच की...”

मला हसू फुटलं. ते लपवायला मी नको तेवढी कडक झाले. टँकरवर चेअरमन सुंदरराव आणि अकरा संचालकांची नावंही लिहायची होती, ती कुठं बसणार? मी चारचौघांत ओरडले, “अक्षरं हाईत का भाकरी थापल्यात? नीट शिकला न्हाईत का?”

सगळे हसले. त्यानं रॉकेलनं अक्षरं पुसली. दोन्ही टँकरवर बारा नावं चिंचोळ्या, सावलीदार अक्षरांत बसवली. पाणी कसलं, ते खाली कोपऱ्यात. झाकण धुऊन दिलं आणि गेला.

पंधरा दिवसांनी गावातल्या भिमाबाईनं जनावरांच्या टँकरखाली घागर लावली. घरात सगळ्यांना जुलाब. “नावंच नावं दिसली गं बाई,” ती म्हणाली. बैठकीत सुंदररावांनी ठरवून टाकलं, “घोळ पेंटरचा. त्याला पुन्हा काम न्हाई.” इतिवृत्त मीच लिहीत होते. तेही लिहिलं... पण अक्षरं मी पुसायला लावली, ते नाही लिहिलं. त्या दिवसापासून माझी मलाच शरम वाटू लागली.

शेवटी गेवराईला त्याच्या दुकानात गेले. “चूक माझी होती...”

त्याचा ब्रश थांबला. “मला म्हाईत हाय. जिथं ओरडलात, तिथं सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेत, सुंदररावांसमोर, तेच सांगितलं. मान वर होईना. सुंदरराव खाकरले. “बरं... पुसून टाका नावं.”

मागं शिडी टेकल्याचा आवाज झाला. भारत आला होता.

“मी तुमच्या नजरेतून उतरले असेन,” मी पुटपुटले.

“उतरला असता, तर मी कावून आलो असतो?”

महिन्याभरानं त्याची आई त्याला घेऊन मला बघायला आली. “पोरीला काय काय येतं?” बाबा स्वयंपाक, शिवण सांगू लागले. भारत मध्येच म्हणाला, “आई, हिला चारचौघांत चूक कबूल करता येती. मला तेवढं बास हाय.”

माझी मान खाली होतीच, ती आणखी खाली गेली. पण चहाचा पहिला कप मी त्यालाच दिला.