भांड्यांवरचं नाव

त्रेचाळीस सालची गोष्ट. लढाई जोरात होती आणि जबलपूरच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत तोफांचे गाडे बनत होते. अशाच एका दुपारी शरयू नर्स तिथल्याच घमापूर मोहल्ल्यात गुणवंतरावांच्या घरी आली. काम साधंच. त्यांच्या बायकोला वेड लागलंय की नाही, ते पाहून चिठ्ठी लिहायची. तिनं ‘हो’ लिहिलं की डॉक्टर सही करणार आणि बाईची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात.

गुणवंतराव ओसरीवर वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. "हाक मारली तर ओ देत नाही जी. म्हणते, विनता मी नाही, विनता स्वयंपाकघरात आहे."

"आणि तिथं कोण आहे?"

"कोण असणार? घरात आम्ही दोघंच."

शरयूला भीतीच्या आधी कुतूहल वाटलं. नसत्या चौकशा करण्यात तिचा हात कोण धरणार!

आत ती बाई खाटेवर नीटनेटकी बसली होती. फडताळातल्या प्रत्येक भांड्यावर कोरलं होतं, ‘सौ. विनता’.

"तुमच्या रुखवतातली?"

"पहिलीची," बाई कुजबुजली. "ती वारली, मग मी आले. सासूबाई म्हणाल्या, भांड्यांवर नाव आहेच, दुसरं काहून शोधायचं? मलाच विनता केलं."

पुढच्या महिन्यात शरयूचंही लग्न होतं, नाव बदलणारच होतं. पण भांडी ठेवून बाई बदलायची, ही कुठली रीत!

"माहेरचं नाव काय?"

"नऊ वर्षांत कोणी विचारलं नाही, दीदी... अंजनी."

"अंजनी," शरयूनं हाक मारली.

"ओ..." म्हणत ती हमसून हमसून रडली.

ही वेडी? शरयूनं चिठ्ठीवर लिहून टाकलं, ‘अंजनी. पूर्ण शहाणी.’ अंजनीनं तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. ओसरीवरून आवाज आला, "विनता, चहा!"

अंजनी जागची हलली नाही.

"आणते..."

आवाज स्वयंपाकघरातून आला. बांगड्या वाजल्या. आल्याचा वास सुटला आणि पावलं खोलीच्या बंद दाराबाहेरून ओसरीकडे गेली.

शरयू धावत बाहेर आली. गुणवंतरावांच्या हातात वाफाळता पेला होता. डोळे वर्तमानपत्रातच.

"चहा... कोणी आणला?"

"विनतानं. आणखी कोण?" मान वर करून बघायची त्यांना सवयच नव्हती. "तुम्हीही घ्या ना. विनता, आणखी एक!"

"आणते..."

शरयूची नजर स्वयंपाकघराच्या दारावरून हलेना. बांगड्या जवळ येऊ लागल्या.