उकिडवं बसण्याचं माप

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही बॉलपेन उघडलं आहे आणि त्यातली स्प्रिंग कागदावर काढता आहात. किती लांब काढाल? पेनाबाहेर दिसते तेवढी, की आत दबून बसते तेवढी? स्प्रिंग एकच, पण जागा बदलली की तिची लांबी बदलते. स्क्रूचं तसं नसतं. तो कुठेही न्या, तेवढाच राहतो. म्हणून संगणकावर एखादी वस्तू सुटे भाग जोडून उभी करताना स्क्रू बसवणं सोपं असतं, स्प्रिंगपाशी मात्र घोळ होतो.

आता थोडं पुढच्या काळात चला. सांगलीतल्या एका केंद्रात लोक सकाळी एका मोठ्या कड्यात उभे राहतात. कडं पायाचं माप घेतं, संगणक त्या मापाचं कॅलिपर, म्हणजे अशक्त पायाला बांधायचा सांधेदार आधार, पडद्यावर जुळवतो आणि दुपारी ते तयार होऊन हातात येतं.

अकरा वर्षांची अफरीन मुल्ला तिथे तिसऱ्यांदा आली होती. आजारपणानंतर तिच्या डाव्या मांडीत जोर राहिला नव्हता. कॅलिपर बांधून ती चालायची, जिनेही चढायची. पण गुडघा खुर्चीत बसण्याइतका वाकला, की कॅलिपर अडायचं. आणि खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्यांना रांगेत उकिडवं बसावं लागतं. शाळेचा संघ शनिवारी निवडणार होते.

“डॉक्टर म्हणतात, गुडघा पूर्ण वाकवला तरी चालेल,” ती केंद्रातल्या कोळेकर मॅडमना म्हणाली. कॅलिपरचे आराखडे त्याच बघत. “मग हे का अडतंय?”

मॅडमनी पडद्यावरचा गुडघा वाकवून दाखवला. काटकोनाच्या पुढे जाताच सांध्यातली स्प्रिंग लाल झाली. तिचं टोक थेट धातूत घुसलं होतं.

“खरी स्प्रिंग अशी घुसेल काय? ती दबेल की.”

“दबेलच. पण संगणकाला तिची चारच रूपं ठाऊक आहेत. उभं राहणं, चालणं, जिना आणि खुर्ची. त्यापुढे तो खुर्चीतलीच स्प्रिंग ताठ धरून पुढे रेटतो. ती धडकते. मग तो वाकायलाच बंदी घालतो.”

“ज्यांनी ही यादी केली त्यांना खाली बसता येत नव्हतं वाटतं.”

मॅडमना हसू आलं. “खाली बसण्याबद्दल कुणी विचारलं नसेल त्यांना.”

“मग पाचवं रूप घाला.”

“त्याला तसं बसलेल्या पायाचं माप लागतं. वर मुख्य कार्यालयाची परवानगी. तीन-चार महिने जातील, बाळा.”

“आणि शनिवार?”

“या वेळी गुण लिहायला बस. खुर्ची देतील तुला.”

अफरीनने कॅलिपरचे पट्टे सोडले, कड्यात गेली आणि कडेचा गज धरून सावकाश उकिडवी बसली.

“कृपया उभे राहा,” कडं म्हणालं.

“नाही.”

“अफरीन, मांडी थरथरतेय तुझी,” मॅडम म्हणाल्या.

“थरथरू दे. माप घ्या लवकर.”

“कृपया उभे राहा. ही स्थिती यादीत नाही.”

“यादीत नाही, पण मी बसलेय की.”

मॅडमनी परवानगीचा अर्ज उघडला, क्षणभर पाहिला आणि बंद केला. मग स्वतःच्या नावावर नवी नोंद सुरू केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मुलं अशी बसतात.’ कड्यातला उजेड टाचेपासून मांडीपर्यंत फिरला. पडद्यावरची स्प्रिंग आखडली आणि तिचा लाल रंग गेला.

“झालं. गज धर आणि ऊठ.”

“उठतानाचं माप कोण घेणार?” अफरीन म्हणाली. “मला तिथं नुसतं बसायचं नाही. पळायचंय.”

बरोबर होतं तिचं. बसल्यापासून धावेपर्यंत स्प्रिंग क्षणाक्षणाला वेगळी असणार, आणि त्यातलं एकही रूप संगणकाकडे नव्हतं. पण आधाराशिवाय तो पाय तिला उचलेल का?

“मॅडम, मागून खो द्या.”

नोंद चालूच ठेवून मॅडम कड्यात शिरल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“खो.”

“कृपया हलू नका,” कडं म्हणालं.

अफरीनने गज सोडला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि ती उठू लागली.