सोमवारी न थांबणारं यंत्र

"माझं नाव गेलं तर सगळंच गेलं, आनंदीताई!" असं म्हणत सेजल सकाळी आठलाच खुर्चीत बसली आणि बाबलीचा दुसरा चहा बुडाला.

डिचोलीत आनंदीची खाजगी तपासाची कचेरी. तिथे गाडी चालवणं आणि भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवणं, ही दोन कामं तिचा मावसभाऊ बाबली मन लावून करायचा.

सेजल कंत्राटावर कारखान्यांची यंत्रं स्वयंचलित करून द्यायची. कोरगावात काशिनाथ शेटांच्या काजू कारखान्यात जुनी भट्टी काढून तिने नवं भाजणीयंत्र बसवलं होतं. त्याचं डोकं म्हणजे शेजारचं लोखंडी कपाट, कंट्रोल पॅनल. महिनाभर यंत्र रोज साडेदहाच्या सुमारास बंद पडत होतं. सोमवारी मात्र नाही.

"आणि सोमवारीच मी सकाळपासून तिथे असते," सेजल म्हणाली. "शेट म्हणतात, मीच प्रोग्रॅममध्ये खोडी करून ठेवलीय. आज संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही तर कंत्राट रद्द. मग मला दारात कोण उभं करील?"

"यंत्र काय सांगतं?"

"पॅनल आतून तापलं, एवढंच. पण गरम हवा बाहेर टाकायला माथ्यावर जाळीचा पंखा आहे. फोन आला की मी धावत जाते, तर तो मस्त फिरत असतो."

तिघं कोरगावला पोचली तेव्हा यंत्र नुकतंच थांबलं होतं. काशिनाथ शेट दारातच कडाडले, "बुधवार ना? पडलं बंद! ही असली की कसं शहाण्यासारखं चालतं?"

"पॅनलजवळ कोण असतं?"

"भिकाजी. वीस वर्षं भट्टी त्याच्याच ताब्यात होती."

बाबलीने आनंदीला कोपराने ढोसलं. "सापडला! भट्टी गेली, राग धरला."

"गप रे."

सावंतवाडीकडचा भिकाजी हसतमुख निघाला. चहाबरोबर त्याने कापडी पिशवीतले उंडे पुढे केले. "खावा हो, गरम आसत."

बाबलीने दोन उचलले. खरंच ऊनऊन पाव होते.

"पोदेर आत्ताच पाव देऊन गेला?" आनंदीने विचारलं.

"खंयचो! तो सकाळी सातांक येता. सगळ्यांसाठी मीच घेतंय. सोमवारी नाय, माझो उपास."

"यंत्राचा राग नाही येत?"

"राग कित्याक? भट्टीच्या धुरान डोळे जातले होते. ह्या चेडवान वाचवल्यान!"

आनंदी स्टुलावर चढली. पॅनलच्या माथ्यावरून बोट फिरवलं, तर पांढरं पीठ लागलं. ती खाली उतरली आणि तिने सगळ्यांना बोलावलं.

"सातला आलेला पाव साडेदहाला ऊन कसा राहील?"

बाबलीचा चौथा उंडा तोंडाशीच थांबला.

आनंदीने पिशवी जाळीवर ठेवली. जाळी पुरती झाकली गेली. "पंखा फिरतोय, पण हवा जाणार कुठून? तीन तासांत पॅनल तापतं, यंत्र थांबतं, चहा होतो, पिशवी खाली येते. सेजल पोचेपर्यंत पाव पोटात आणि जाळी मोकळी. सोमवारी उपास, म्हणून पिशवीच नाही. सेजलचं येणं हा निव्वळ योगायोग."

भिकाजीचा चेहरा उतरला. "वीस वर्सां भट्टीच्या कट्ट्यार उंडे गरम रवत. भट्टी गेली. ह्या कपाटाच्या माथ्यार गरम वारो येता, म्हणान थंय ठेवलंय. बाये, तुझ्याच पोटार पाय दिलंय गो मी!" त्याचे डोळे भरून आले.

काशिनाथ शेट खो खो हसले, आणि हसता हसता वरमले. "सेजल, चुकलो मी. उगाच तुझ्यावर आळ घेतला. आण तो कागद, सही करतो."

सेजलने काम ताब्यात दिल्याचा कागद पुढे केला, पण तिचं लक्ष भिकाजीकडे होतं. "काका, रडताय काय? यंत्राच्या गरम नळाजवळ जाळीचा कप्पा बसवून देते. उंडे तिथे ठेवा."

"म्हणजे आज मी पुरावा खाल्ला?" बाबलीने विचारलं.

"चार नग," आनंदी म्हणाली.

शेटांनी सही केली. मग पेन न मिटता, झालेल्या कामांच्या यादीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आणि कागद सेजलच्या हातात दिला. तिने ती वाचली आणि तिला हसू नि रडू एकदमच आलं.

"उंडे गरम ठेवण्याचा कप्पा, एक. काम उत्तम."