दोन सीटची पिवळी गाडी

सिग्नल हिरवा झाला आणि पुढची पिवळी गाडी जागच्या जागी बंद पडली.

एकदा पडली तर माणूस समजून घेतो. पण ती चालू झाली, बेडकासारखी एक उडी मारली आणि पुन्हा बंद. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. मागच्या गाडीत स्टिअरिंगला गच्च धरून बसलेल्या शिकाऊ बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना घाबरवलं होतं. आता स्वतःच घाबरून त्या शेजारी म्हणाल्या, "मॅडम, मी काय करू हो?"

"काही करू नका. हँडब्रेक ओढा आणि बसा. करायचं ते मी करून येते."

आणि ती उतरली.

तिला सगळे ब्रेकताई म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. लोकांना भिंतीवर, झाडावर आणि एकमेकांवर आदळण्यापासून वाचवत तो दाबण्यात तिची दहा वर्षं गेली होती. राग कायम नाकावर. पण आज तळपायाची आग मस्तकात गेली होती ती निराळ्याच कारणाने. ही गाडी तिच्या ओळखीची होती. दोनच सीटची, रस्त्याला टेकलेली, पिकल्या लिंबासारखी पिवळी. शोरूमच्या काचेआड ती उभी असायची तेव्हा घरी जाताना ब्रेकताई रोज तिथे थांबायची. मग एक दिवस काचेआड दुसरीच गाडी दिसली. आणि आता ती कुणाच्या हातात, तर ह्याच्या!

तिने काच ठोकली. काच खाली आली. आत एक चष्मा, आणि चष्म्याआड दोन बावरलेले डोळे.

"डोळे तपासून घ्या आधी. हिरवा दिवा दिसत नाही?"

"दिसतो हो. माझं चष्म्याचंच दुकान आहे. पायांचं दुकान कुठे असलं तर सांगा."

तिला हसू आलं... आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

"क्लच असा सोडतात? हळू. अर्ध्यावर थांबा. आता थोडा रेस. थोडा म्हटलं मी!"

गाडी गुरगुरत सुटली. काचेतून हात बाहेर आला आणि हलला. तो आभार मानत होता की मदत मागत होता, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभा. शिकायचं होतं, स्वतःच्याच गाडीत, आणि काल चौकात ज्या ओरडल्या त्यांच्याकडूनच. ब्रेकताई नाही म्हणणार होती. तोंडही उघडलं होतं. पण दाराबाहेर ती पिवळी गाडी उभी होती.

"उद्या सातला. उशीर केलात तर मी थांबायची नाही," ती म्हणाली.

त्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. तरी समोर काही आलं की तिचा पाय खाली आपटायचाच.

"मॅटला भोक पडेल," तो म्हणायचा.

"पडू दे. रस्त्यावरच्या माणसापेक्षा मॅट स्वस्त आहे. पुढे बघा!"

"पुढेच बघतोय."

"माझ्याकडे बघताय."

"तुम्ही ओरडता त्या बाजूला मान वळते हो... सवय लागलीय."

एकदा तिने विचारलं, "गिअर बदलता येत नाही, तर ही घ्यायची बुद्धी कुणी दिली?"

"राग आला म्हणून घेतली. माझ्या ताईनं एक स्थळ आणलं होतं. तिकडून निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण नुसताच व्यवहारी. आमच्या मुलीला कंटाळा येईल. रात्रभर झोप नाही. सकाळी गेलो आणि घेतली."

"नकार पचायला लोक चूर्ण घेतात. तुम्ही गाडी घेतलीत!"

"चूर्णाची चव वाईट असते."

ती खिडकीकडे तोंड फिरवून हसली. बाहेर बारीक पाऊस होता आणि काचेत तिचं हसू त्याला दिसत होतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती ओरडली, "वायपर लावा! तेही मीच सांगू?"

मग एका सकाळी त्याने गाडी बाजूला घेतली आणि उतरून किल्ली तिच्यापुढे धरली. "तुम्ही चालवा. एकदा तरी. मला बघू दे, ही खरं कशी चालते."

तिने किल्ली घेतली. शहराबाहेरच्या वळणांवर तिने ती गाडी अशी नेली की शब्द नाही, धक्का नाही... नुसता खालून येणारा एक भरदार आवाज, आणि वळणावर अंग किंचित कलतं ते. दात आहेत त्याला चणे नाहीत म्हणतात, तसं तिचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा चणे मिळाले.

परत आल्यावर तो हळूच म्हणाला, "तुम्हाला न रागावलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."

"बघून झालं ना? उतरा."

पण घरी जाताना तिचे गाल गरम होते. आणि डोक्यात एक किडा शिरला होता. तिने वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकले होते, ते स्वतःच्या स्कूलसाठी. पाच सीटची नवी कोरी पांढरी गाडी, दुसऱ्या ब्रेकसकट, आणि वर तिच्या नावाची पाटी. मालकाची चाकरी बंद. एवढं सगळं ठरलेलं असताना डोळे मिटले की पिवळंच दिसत होतं. याचा तिला भयंकर राग आला.

पुढच्याच आठवड्यात ती त्या मुख्याध्यापिका बाईंना इस्पितळाच्या चढावर शिकवत होती. तो चढ म्हणजे शिकाऊ लोकांचा काळ. समोर पिवळी गाडी, मधोमध गर्दीत थांबलेली. शेजारी एक म्हातारी, बहुधा त्याची आई. ब्रेकताईचा पाय दुसऱ्या ब्रेकवर गेला. आता हा मागे घसरणार, आणि आपल्यावर येणार!

गर्दी हलली. पिवळी गाडी केसभरही मागे न येता उचलली गेली, लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली आणि वळून दिसेनाशी झाली.

"वा! ह्यांना कुणी शिकवलं?" बाई म्हणाल्या.

ब्रेकताईने त्या वळणाकडे डोळे बारीक करून पाहिलं. कालच ह्या माणसाने सपाट रस्त्यावर सहा वेळा गाडी बंद पाडली होती.

संध्याकाळी ती थेट त्याच्या दुकानात गेली. आत आरशासमोर एक गिऱ्हाईक फ्रेम लावून बघत होतं. तिने कुणाची पर्वा केली नाही.

"मला मूर्ख समजता?"

"काय झालं?"

"इस्पितळाचा चढ! डोळ्यांदेखत पाहिलं. तुम्हाला चालवता येते. कधीपासून?"

त्याने हातातली काच खाली ठेवली. "तीनेक आठवडे झाले."

"आणि मी रोज सकाळी घसा फोडते! पायाचा तुकडा पडला माझ्या ब्रेक दाबून, जो तिथं नाहीच!"

"गाडी जमली म्हणून सांगितलं असतं तर... शिकवणी संपली असती."

"संपायलाच असते शिकवणी!"

"मला संपवायची नव्हती." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "तुमचं ओरडणं बंद झालं की दिवस सुना जातो. हे सांगायला जीभ वळेना, म्हणून क्लच मुद्दाम धाडकन सोडत राहिलो."

आरशासमोरच्या गिऱ्हाइकाने चष्मा काढला आणि ते नीट ऐकू लागलं.

"खोट्या ब्रेकवर मी पाय ठेवत नाही. उद्यापासून मी येणार नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी पिवळ्या गाडीच्या काचेवर पाटी लागली, 'विकणे आहे'. आणि तिला त्याचा फोन आला. "ती पाहिली की स्वतःची लाज वाटते, म्हणून विकायला काढली. पण पहिला हक्क तुमचा. तुम्हाला जमेल त्या भावात घ्या. रविवारी एक माणूस बघायला येतोय, त्याच्या आधी सांगा."

"उपकार नकोत मला!" म्हणून तिने फोन आपटला.

पण राग त्याचा नव्हताच. आत्तापर्यंत ती गाडी काचेआड होती, मग दुसऱ्याची होती. हळहळायला फुकट होती. आता तिला खरंच ठरवावं लागणार होतं. पांढरी की पिवळी. पांढरी घेतली तर स्वतःची पाटी. पिवळी घेतली तर पाटी गेली आणि पुन्हा मालकाची चाकरी, पण संध्याकाळी ती वळणं. आणि तिसरी गोष्ट, चष्म्याआडचे ते डोळे, ती हिशेबात घेतच नव्हती. घेतली की हिशेब बिघडत होता.

घरी बाबा नळावर ओरडत होते. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. आई गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, ते नळावर चिडत, दुधावर चिडत, वर्तमानपत्राच्या घडीवर चिडत. त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. रडू आलं की चिडायचं, हे ती लहानपणापासून त्यांच्याकडूनच शिकली होती.

तिने सगळं सांगितलं. गाडीचं. मग थोडं चष्मेवाल्याचंही.

बाबा खिडकीपाशी डोलखुर्चीत जाऊन बसले. ती खुर्ची दोघांची होती, बाकासारखी रुंद.

"ही तुझ्या आईनं हट्टानं आणली," ते म्हणाले. "मी म्हटलं, कपाट घेऊ. भांडलो. ती आठवडाभर बोलली नाही. दारातून जाईना, तर मीच दोर लावून बाल्कनीतून वर चढवली. सगळी इमारत हसत होती. पुढं कपाटंही आली. तीन आली! त्यातल्या एकानं तरी मला कधी झोका दिलाय?"

"म्हणजे पिवळी घेऊ?"

"मी असं म्हटलं?" बाबा उखडले. "एकटी घेशील, तर शेजारी कोण बसणार? मी? या गुडघ्यांनी? अगं, खुळेपणा दोघांत मिळून करायचा असतो. एकट्यानं केला की तो नुसता खर्च. ही खुर्चीच बघ. मी एकटा बसलो की एका अंगाला कलते."

ती उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. खुर्ची सरळ झाली.

"ती तुझी जागा नाही," बाबा म्हणाले.

पण ऊठ म्हणाले नाहीत. खुर्ची हळूहळू डोलू लागली. नळ गळत होता. बाबा त्याला काही बोलले नाहीत.

रविवारी ती पोचली तेव्हा दुकानाबाहेर एक माणूस पिवळ्या गाडीच्या टायरांना लाथा मारून बघत होता.

"पाय काढा," ब्रेकताई म्हणाली. "विकायची नाही ही."

"पण पाटी..."

तिने पाटी काढली, दोन तुकडे केले आणि त्याच्या हातात दिले. "हे घेऊन जा."

चष्मेवाला धावत बाहेर आला. "अहो, तो सौदा करायला आला होता!"

"मीही सौदाच करायला आलेय. अर्धी घेते."

"अर्धी? गाडी?"

"मालक शिकवणीची जुनी गाडी विकायला काढताहेत. नव्या पांढऱ्याऐवजी ती घेते. खडखडते, पण तिचा प्रत्येक खडखडाट मला पाठ आहे. दुरुस्तीला घरात माणूस आहे, नळावर चिडत बसलाय बिचारा. पाटी माझी लागणार, मालकाची चाकरी सुटणार. आणि जे उरतं त्यात ही अर्धी येते. पूर्ण भावानं! सवलत दिलीत तर बघा."

तो बघतच राहिला. "पण अर्धी म्हणजे... कुठली अर्धी?"

"स्टिअरिंगची."

"आणि दुसरी?"

"तुमची. तिथं तुम्ही बसायचं. आणि पुन्हा खोटं बोललात, तर भर रस्त्यात उतरवीन."

"रविवारीच बसायचं की... रोज?"

"रोज."

"कधीपर्यंत?"

ती उगाच वाकून टायर बघू लागली. तिचे कान लाल झाले होते.

"हे तुम्ही मला... म्हणजे... मी जे समजतोय तेच विचारताय ना?"

"मी रागावलेय! दिसत नाही?"

"दिसतंय," तो हळूच म्हणाला. "हो. माझं हो आहे. चौकात काच ठोकलीत तेव्हापासून आहे."

"मग उभे काय? बसा."

तो बसला. बेल्ट त्याला सापडेना. स्वतःच्या गाडीत या बाजूला तो एकदाच काय तो बसला होता. तिने वाकून बेल्ट ओढला आणि खटकन लावला. इतक्या जवळून तिने त्याचा चष्मा पहिल्यांदा पाहिला. दोन्ही काचांवर बोटांचे ठसे.

"चष्म्याचं दुकान आहे आणि काचा बघा यांच्या!" ती चिडून म्हणाली. चष्मा तिने अलगद काढला आणि स्वतःच्या बाहीने पुसू लागली.